शाळेची पायरीही न चढलेली आष्ट्याची मुलगी मराठीतली पहिली मोठी कादंबरीकार कशी झाली?

सांगलीहून इस्लामपूरला निघालं की वाटेत आष्टा लागतं. दोन्ही बाजूंना ऊस, जवळून वाहणारी कृष्णा आणि रस्त्यालगत पसरलेलं मोठं गाव. रोज हजारो लोक इथून जातात. पण मराठीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या लेखिकेचा जन्म याच गावात झाला, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

त्यांचं नाव काशीबाई कानिटकर.

त्या कधीही शाळेत गेल्या नाहीत. नवव्या वर्षी लग्न झालं. त्या काळी बाईने पुस्तक हातात धरणं म्हणजे घराला अपशकुन, असं मानणारी माणसं घरोघरी होती. अशा काळात त्या अक्षरं शिकल्या, इंग्रजी पुस्तकांपर्यंत पोहोचल्या, आणि संसार, मुलंबाळं, सणवार, पै-पाहुणा हे सगळं चालू असताना कादंबरी लिहू लागल्या.

आज ऑफिस आणि मुलांचा अभ्यास सांभाळून कुणी रात्री लॅपटॉप उघडून चार पानं लिहिली, तरी आपण तिचं कौतुक करतो. काशीबाई हे करत होत्या तेव्हा १८८० चं दशक चालू होतं.

सातारा की सांगली?

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ चा. माहेरचं आडनाव बापट, घर खातंपितं. काही ठिकाणी त्यांचा जिल्हा सातारा लिहिलेला दिसतो, तर काही ठिकाणी सांगली. दोन्ही बरोबर आहे.

१८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. पुढे जो सातारा जिल्हा झाला त्यात वाळवा तालुका आला आणि त्यात आष्टा. सांगली तेव्हा पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली जिल्हा झालं. त्यामुळे काशीबाई जन्मल्या साताऱ्यात, आणि त्यांचं जन्मगाव आज आहे सांगलीत.

या जुन्या सातारा जिल्ह्याचा हिशोब मांडला तर थक्क व्हायला होतं. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ मध्ये नायगावचा, तेही साताऱ्यातच. रमाबाई रानडे यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. देवराष्ट्रे तेव्हा साताऱ्यात होतं, आज सांगलीत आहे. म्हणजे काशीबाई आणि रमाबाई एकाच जिल्ह्यातल्या, वयात जेमतेम वर्षाचं अंतर. दोघींची लग्नं बालवयात झाली, दोघींचे नवरे शिकलेले आणि सुधारक विचारांचे, आणि दोघी अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर.

पण दोघींच्या गोष्टी पुढे वेगळ्या होतात. रमाबाईंच्या शिक्षणामागे न्यायमूर्ती रानडे पहिल्यापासून ठाम उभे होते. काशीबाईंची सुरुवात इतकी सरळ नव्हती.

नवऱ्याला बायको पसंत नव्हती

काशीबाईंचे पती गोविंद वासुदेव कानिटकर. वयाने सहा-सात वर्षांनी मोठे, शिकणारे, कविता करणारे, इंग्रजी साहित्यात रमणारे. त्या काळात कॉलेजात जाणाऱ्या तरुणांच्या डोक्यात एक नवी कल्पना शिरली होती. बायको म्हणजे नुसती रांधणारी, वाढणारी बाई नको, जिच्याशी पुस्तकावर बोलता येईल अशी सोबतीण हवी. कल्पना चांगली होती, पण अडचण अशी की लग्न घरच्यांनी आधीच लावून दिलेलं असायचं, तेही एखाद्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीशी, जिला कुणी पाटीच दिलेली नसायची.

गोविंदरावांचंही तेच झालं. आपल्याला मिळालेली बायको दिसायला सामान्य आणि त्यात निरक्षर, याची त्यांना खंत होती. आणि ही नापसंती काशीबाईंपर्यंत पोहोचली होती.

त्या काळातल्या मुलीसाठी याचा अर्थ काय होता, ते आज चटकन लक्षात येत नाही. नवऱ्याने बायको टाकली तर तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. त्याला दुसरं लग्न करायची मुभा होती. तिला माहेरी परत जाऊन भावजयांच्या हाताखाली आयुष्य काढावं लागे. कमाईचं साधन नाही, शिक्षण नाही, कायद्याचा आधार नाही. १८६० च्या दंडसंहितेत मुलीचं संमतिवय १० वर्षं होतं, ते १२ व्हायला १८९१ साल उजाडावं लागलं, आणि त्यावरूनही पुण्या-मुंबईत केवढं वादळ उठलं.

म्हणजे काशीबाईंनी पहिल्यांदा पुस्तक हातात घेतलं, तेव्हा डोळ्यांसमोर समाजसुधारणा वगैरे काही नव्हतं. संसार टिकवायचा होता. नवऱ्याच्या मनात जागा मिळवायची होती.

पुढे गोविंदरावांनी त्यांच्या शिक्षणात लक्ष घातलं. मराठी, मग संस्कृत, मग इंग्रजी असा हा प्रवास झाला. एकत्र कुटुंबात हे उघडपणे करता येत नसे. सुनेनं दिवसा नवऱ्याशी बोलणंही जिथे वाईट दिसे, तिथे दोघांनी पुस्तक घेऊन बसणं दूरच. वाचायचं ते सगळी निजल्यावर, दिव्याच्या उजेडात, दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचंच आहे हे लक्षात ठेवून.

हे एकट्या महाराष्ट्रात चाललं नव्हतं. बंगालमध्ये राससुंदरी देवी नावाच्या बाईंनी स्वयंपाकघरात लपून वाचायला शिकून आपलं आत्मचरित्र लिहिलं. ते १८७६ मध्ये छापलं गेलं, तेव्हा काशीबाई पंधरा वर्षांच्या होत्या.

मिल वाचणारं जोडपं

हळूहळू नवरा-बायको मिळून वाचू लागले. त्यात जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचं स्त्रियांच्या गुलामीवरचं पुस्तक होतं. कायद्याने आणि रूढीने बायकांना पुरुषांच्या ताब्यात ठेवणं हा अन्याय आहे, असं मिलने त्यात मांडलं होतं. १८६९ मध्ये आलेल्या या पुस्तकाने जगभरात खळबळ उडवली होती. काशीबाईंवर त्याचा खोल परिणाम झाला.

यातली गंमत बघण्यासारखी आहे. नवऱ्याला आवडावं म्हणून ही बाई वाचायला शिकली, आणि वाचता वाचता बाईनं फक्त नवऱ्याला आवडण्यासाठी का जगावं, या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचली.

दोघं प्रार्थना समाजाशी जोडले गेले. तिथे बायका सभेला येत, बोलत, निबंध वाचत. गोविंदराव न्यायखात्यात नोकरीला होते आणि त्यांचा साहित्यातल्या मंडळींशी राबता होता. त्यामुळे काशीबाईंना पुण्या-मुंबईतल्या सुधारकांचं जग जवळून दिसलं. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. रखमाबाईंच्या खटल्याने देश ढवळून निघाला तोही याच काळात.

या सगळ्या गडबडीत काशीबाईंनी कादंबरी लिहायला घेतली.

महिन्याला एक तुकडा

कादंबरीचं नाव 'रंगराव'. ती आधी मासिकातून क्रमशः आली, आणि काशीबाईंच्या हातून कादंबरी होण्यामागे ही क्रमशः छापण्याची पद्धत फार महत्त्वाची होती.

तेव्हा बहुतेक मराठी कादंबऱ्या अशाच येत. लेखक दर महिन्याला एक-दोन प्रकरणं देई, मासिक ते छापी, वाचक पुढच्या अंकाची वाट बघत. सगळी गोष्ट एका दमात लिहून काढायची गरज नसे. एका महिन्यात एक तुकडा हातावेगळा केला की झालं.

घरात अडकलेल्या बाईला हे सोयीचं होतं. तीन महिने दार लावून लिहीत बसणं तिला शक्यच नव्हतं. दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपून मुलं झोपली की तासभर मिळे. रात्री दिव्यात तेल असेपर्यंत आणखी थोडं. टाक दौतीत बुडवून दोन ओळी लिहाव्यात, तोवर मूल उठावं किंवा दारात कुणीतरी यावं. तुटक तुटक वेळेत तुटक तुटक लिहूनही शेवटी कादंबरी होते, ही शक्यता मासिकांनी तयार केली.

पण याच पद्धतीचा जाचही होता. अंक ठरलेल्या दिवशी निघायचा. घरात आजारपण असो, नवऱ्याच्या बदलीमुळे बिऱ्हाड हलवायचं असो, प्रकरण द्यावंच लागे. ते चुकलं की गोष्ट तिथेच लटके.

'रंगराव' मासिकातून येऊ लागली १८८० च्या दशकात. पुस्तक म्हणून ती आली १९०३ मध्ये. सुरुवात झाली तेव्हा काशीबाई पंचविशीच्या आसपास होत्या, पुस्तक हातात आलं तेव्हा बेचाळिशीच्या. मधल्या काळात मुलं मोठी झाली, घरं बदलली, इतर लिखाण झालं.

आणि वाचणार कोण होतं? १९०१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभर बायकांमागे एकीलाही लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे ज्यांच्याबद्दल आणि ज्यांच्यासाठी काशीबाई लिहीत होत्या, त्यातल्या जवळपास कुणालाच ती कादंबरी स्वतः वाचता येणार नव्हती.

पहिल्या खऱ्या कोण?

काशीबाईंना बऱ्याचदा मराठीतली पहिली स्त्री कादंबरीकार म्हटलं जातं. यात एक खुलासा करायला हवा. साळूबाई तांबवेकर यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' ही गद्य कथा १८७३ मध्येच आली होती. ती होती जुन्या वळणाची, राजेराण्यांची आणि अद्भुताची. नंतर त्या लेखिकेचं नाव फारसं पुढे आलं नाही.

काशीबाईंचं वेगळेपण म्हणजे त्या एका पुस्तकावर थांबल्या नाहीत. कथा, कादंबरी, चरित्र, लेख, आत्मकथन असं सगळं त्यांनी लिहिलं, आणि तेही जवळपास आयुष्यभर. त्यामुळे पहिली महत्त्वाची लेखिका हा मान त्यांच्याकडे जातो.

हरिभाऊंना बायकांचं जग कुणी दाखवलं?

मराठी कादंबरीचा विषय निघाला की हरि नारायण आपटे यांचं नाव येतंच. हरिभाऊ काशीबाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान. कानिटकरांच्या घरी त्यांचं जाणं-येणं होतं. गोविंदराव मित्र होतेच, पण काशीबाईंशी त्यांची स्वतंत्र मैत्री जमली. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत, लिखाण दाखवत, पुस्तकांवर वाद घालत.

१८८० च्या दशकात एका विवाहित बाईने नात्यात नसलेल्या पुरुषाला पत्रं लिहायची, तीही कादंबरीबद्दल, हे किती वेगळं होतं याची कल्पना करा. पुष्कळ घरांमध्ये बायकांना नवऱ्यालाही पत्र लिहिता येत नव्हतं.

१८९० पासून हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' त्यांच्या 'करमणूक' या पत्रातून येऊ लागली. यमू नावाच्या बालविधवेने स्वतःची कहाणी सांगावी, अशी ही कादंबरी. माजघरातलं बोलणं, सासुरवास, बायकांच्या एकमेकींशी चालणाऱ्या गोष्टी हे सगळं एका पुरुषाने इतक्या बारकाईने कसं लिहिलं, याचं वाचकांना आजही नवल वाटतं. हे जग हरिभाऊंना कळलं त्यात काशीबाईंशी झालेल्या बोलण्याचा वाटा होता, असं अभ्यासक मानतात.

हरिभाऊंची पत्रं काशीबाईंनी जपून ठेवली आणि ते गेल्यावर प्रसिद्ध केली. त्यामुळे मराठी कादंबरी घडत असतानाच्या काळाचं एक मोलाचं साधन टिकून राहिलं.

आनंदीबाईंचं पहिलं मराठी चरित्र

डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. वय पुरतं बावीसही नव्हतं. काशीबाई त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. लहानपणी लग्न, नवऱ्याने शिकवणं, समाजाचे टोमणे, हे दोघींच्याही वाट्याला आलेलं.

काशीबाईंनी आनंदीबाईंचं चरित्र मराठीत लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांच्या पत्रांचा आधार घेतला. एका मराठी बाईने दुसऱ्या समकालीन बाईचं असं सविस्तर चरित्र लिहिणं हीच तेव्हा नवी गोष्ट होती. आज आपल्याला आनंदीबाई माहीत असतात त्या श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ च्या कादंबरीमुळे, त्यावरच्या नाटकामुळे आणि सिनेमामुळे. पण त्यांची कहाणी मराठी वाचकापुढे सविस्तर मांडायचं काम काशीबाईंनी कितीतरी दशकं आधी करून ठेवलं होतं.

१८८९ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यात पहिल्यांदाच काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या. पंडिता रमाबाईंबरोबर काशीबाईही त्यात होत्या. त्याच वर्षी त्यांचा 'शेवट तर गोड झाला' हा कथासंग्रह आला.

लिहितं कोण, बायको की नवरा?

त्या काळी लिहिणाऱ्या बाईच्या मागे एक संशय कायम असे. बाईच्या नावावर पुस्तक आलं की लोक म्हणत, हे नवऱ्यानेच लिहून दिलं असणार. नवरा स्वतः कवी असला आणि मित्र थेट हरिभाऊ असले, तर संशयाला आणखी जागा.

या संशयाला उत्तर द्यायला वर्षं पुरेशी आहेत. गोविंदराव १९१८ मध्ये गेले. हरिभाऊ मार्च १९१९ मध्ये गेले. आयुष्यातले दोन्ही साहित्यिक आधार वर्षभराच्या आगेमागे सुटले. काशीबाई तेव्हा ५८ च्या होत्या. त्यांनी थांबायचं ठरवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं.

पण १९२१ मध्ये 'चांदण्यातील गप्पा' हा कथासंग्रह आला. आणि १९२८ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, आली त्यांची दुसरी कादंबरी 'पालखीचा गोंडा'.

बाईच्या हातात राज्य आलं तर?

'पालखीचा गोंडा' आजच्या वाचकालाही चकित करेल अशी आहे.

मुलीला पालखीतून मिरवणारं सासर मिळावं, मग नवरा कसा का असेना, ही आईबापांची हौस या नावामागे आहे. कादंबरीची नायिका रेवती एका संस्थानिकाच्या घरात पडते. वैभव आहे, नोकरचाकर आहेत, पण ज्याच्याशी लग्न लागलं तो राजपुत्र बुद्धीने अधू आहे. कारभार करणं त्याला शक्य नाही.

नेहमीच्या कादंबरीत इथून पुढे नायिकेने नशिबाला दोष देत अश्रू ढाळले असते. काशीबाईंची रेवती कारभार हातात घेते. मग त्या संस्थानात बायकांच्या शिक्षणाची सोय होते, बायकांना कामं आणि अधिकार मिळतात. सत्ता बाईकडे आली तर राज्य कसं दिसेल, याचं चित्र लेखिका रंगवते.

दक्षिण महाराष्ट्रातल्या वाचकाला संस्थान म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जत, औंध, फलटण अशी लहान-मोठी संस्थानं सातारा-सांगलीच्या पट्ट्यात दाटीने होती. त्यांचे मानपान, दत्तकविधान आणि कारभाऱ्यांची राजकारणं लोकांच्या रोजच्या बोलण्यात असत. काशीबाईंनी हीच ओळखीची जागा घेतली आणि तिथे सिंहासनामागे एक विचार करणारी बाई बसवली.

बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुलताना'ज ड्रीम' ही कथा लिहिली होती, ज्यात बायका देश चालवतात आणि पुरुष घरात बसतात. अभ्यासक 'पालखीचा गोंडा' या कादंबरीचा विचार याच रांगेत करतात. आणखी एक योगायोग म्हणजे १९२८ मध्येच व्हर्जिनिया वूल्फ केंब्रिजमध्ये व्याख्यानं देत होत्या. बाईला लिहायचं असेल तर तिच्याकडे स्वतःचा पैसा आणि स्वतःची खोली हवी, हा त्यांचा मुद्दा पुढे जगभर गाजला. लिहायला सुरुवात केली तेव्हा काशीबाईंकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

मग आपण त्यांना विसरलो कसे?

काशीबाईंचं निधन जानेवारी १९४८ मध्ये झालं. जन्म १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी, मृत्यू स्वातंत्र्यानंतर पाच महिन्यांनी. ८७ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एक पूर्ण काळ बदलताना पाहिला.

त्यांची पुस्तकं हळूहळू बाजारातून नाहीशी झाली. शाळेच्या पुस्तकात हरिभाऊ राहिले, काशीबाई फारशा आल्या नाहीत. पुढे सरोजिनी वैद्य यांनी त्यांचं आत्मचरित्र संपादित केलं आणि त्याला जोडून त्यांचं चरित्र लिहिलं. त्यानंतर मीरा कोसंबी यांनी इंग्रजीतून त्यांच्या लिखाणाचा अभ्यास मांडला. या दोघींमुळे काशीबाई पुन्हा चर्चेत आल्या.

आत्मचरित्र महत्त्वाचं अशासाठी की त्यात काशीबाईंनी आपलं शिक्षण गुळगुळीत करून सांगितलेलं नाही. सुधारक नवऱ्याने बायकोला शिकवलं आणि ती लेखिका झाली, अशी सरळ गोष्ट आपल्याला ऐकायला आवडते. काशीबाईंच्या बाबतीत त्या गोष्टीत नवऱ्याची नापसंती आहे, घरच्यांचा विरोध आहे, आणि हळूहळू दोघांमध्ये जुळत गेलेलं नातंही आहे. गोविंदरावांनी दार उघडलं हे खरं, पण त्या दारातून आत जाऊन साठ वर्षं टिकून राहणं काशीबाईंनी केलं.

त्यामुळे यापुढे कधी सांगली-इस्लामपूर रस्त्याने गेलात आणि आष्ट्याला चहाला थांबलात, तर सोबतच्यांना हे नाव जरूर सांगा. आणि एखाद्या जुन्या वाचनालयात 'रंगराव' किंवा 'पालखीचा गोंडा' हाती लागली, तर चार पानं वाचून बघा. भाषा जुनी वाटेल, पण त्यातल्या बायकांचे प्रश्न ओळखीचे निघतील.